ढगांच्या घरी दिलेली पोर

बोरखेडे, ता. चोपडा
१६ जानेवारी

मयुरी पोरी,

आजीचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही, कोणी पडलेलं नाही. मीही जागच्या जागी आहे, दात तेवढे कमी झालेत. फोनवर तू बोलतेस ते मला मळणीयंत्रासारखं ऐकू येतं. मी ‘काय? काय?’ करायला लागले की तुझा बाप बाजूच्या खोलीतून खाकरतो. त्याला वाटतं मी त्याचंच काहीतरी सांगतेय. सांगतच असते, ती गोष्ट वेगळी. म्हणून म्हटलं, पत्रच बरं.

मी बोलतेय आणि तुझी आई लिहितेय. मी बोलते आपल्या बोलीत, हेमलता उतरवते शाळेतल्या मराठीत. त्यामुळे पत्र माझ्यापेक्षा शहाणं वाटेल. शिवी आली की तिचं पेन अडतं. मध्येच रिकामी जागा दिसली तर तू आपली भरून घे.

इकडे थंडी आहे. बांधाबांधावर ओला पालापाचोळा रचून ठेवलाय, पहाटे बागेत धूर करायला. तुझ्या बापाने यंदा एवढा पाला रचलाय की बाग कुठली आणि पाला कुठला ते कळत नाही. केळीचं आपलं नाजूक काम, तिला नवी नवरी समजून थंडीत पांघरूण घालावं लागतं. हे तुला सांगायला नको. पण त्या दिवसाचं मला माझ्या तोंडाने सांगायचंय, कारण तेव्हा तुम्ही दोघंच बोललात आणि मला कोणी विचारलं नाही.

दोन वर्षांमागे तू ढगांच्या त्या प्रयोगशाळेतून अशीच थंडीत सुट्टीला आली होतीस. संध्याकाळी आभाळाकडे पाहिलंस, मोबाईलमध्ये पाहिलंस आणि म्हणालीस, आज रात्री ढग येतील, ढग म्हणजे गोधडी, धूर नाही केला तरी चालेल. घरात म्हणालीस, चुलीपाशी. दुकानावर जाऊन साऱ्या गल्लीला सांगून आला तो तुझा बाप. ‘माझी पोर ढगच शिकलीय, आज कोणी धूर करू नका.’ लोकांनी नाही केला. ढग आले नाहीत. सकाळी केळीची कोवळी पानं उकडलेल्या भाजीसारखी पडली होती, निघायचे ते घड आतच अडकले. आणि मग दुपारी ढग आले. अगदी थाटात, लग्न लागल्यावर नवरदेव यावा तसे.

रुपचंद दारात आला. त्याची बाग आपल्या बागेला लागून, त्याचीही गेली होती. ‘काय लीलाधर, आज काय म्हणते तुझी ढगांची मास्तरीण?’ एवढंच बोलला. आणि तुझा बाप तुझ्यासमोर म्हणाला की हिची पुस्तकं बांधावर पेटवली असती तर तेवढा तरी धूर झाला असता.

तू बॅग उचललीस. पाणीसुद्धा प्यायली नाहीस. त्यानंतर अक्षय्य तृतीयेच्या दोन आखाज्या गेल्या, गल्लीतल्या साऱ्या लेकी माहेरी आल्या, अंगणातल्या लिंबावर झोका बांधला आणि त्यावर शेजारच्या पोरी बसल्या.

मी काही तुला ‘ये’ म्हणत नाही. मला फक्त एक शिकायचंय. थेंब होतो कसा? ढगात एवढं पाणी असतं म्हणतात, मग ते वर राहतं कसं? तुझ्या बापाला वाटतं, ढग म्हणजे तू आवतण देऊनही न आलेले पाव्हणे. मला खरं काय ते कळू दे. या वयात शाळेत घालून घे मला.

उत्तर आईच्या नावाने नको, माझ्या नावाने पाठव. शेवंताबाई असं मोठ्या अक्षरात लिही. पोस्टमनच्या तोंडून कधीतरी माझं नाव ऐकू दे.

तुझी आजी


९ फेब्रुवारी

पोरी,

पोस्टमन ओरडला, ‘शेवंताबाई कोण?’ मी सावकाश उठले, पदर सारखा केला, आणि मग म्हटलं, मी.

पत्र तुझ्या आईने दोनदा वाचलं. ती वाचत होती तेव्हा तुझा बाप ओट्यावर पंपाच्या वायरची गाठ सोडवत बसला होता. एकच गाठ. दोन्ही वाचनं संपेपर्यंत सुटली नाही.

आता मी काय शिकले ते ऐक, चुकलं तर कान धर. हवेत पाणी असतंच, पण दिसत नाही. हवा थंड झाली की ते पाणी बाहेर पडायला बघतं. पण नुसतं पडता येत नाही, त्याला धरायला काहीतरी लागतं. धुळीचा कण, धुराचा कण, मिठाचा कण. त्याला धरून थेंब बसतो. म्हणजे आभाळ अगदी स्वच्छ असेल तर थेंब धरायचाच नाही! मग मी जन्मभर अंगण कशाला झाडत आले गं?

तू सांगितलंस ते सगळं करून पाहिलं. भाजीवरचं झाकण उचललं, खालून थेंब लोंबत होते. तुझ्या आईच्या चष्म्यावर हाः केलं, धुकं आलं. ती म्हणाली, आत्या, मला दिसत नाही, लिहू कशी? म्हटलं थांब, शाळा चाललीय. मग पहाटे पितळी थाळी अंगणात उपडी ठेवली. सकाळी तिच्यावर बारीक बारीक थेंब, जणू थाळीला गोवर आलाय. आणि कुंभाराकडून नवी घागर आणली, तिच्या अंगावरही थेंब. पण तू लिहिलंस की घागरीचं पाणी आतून झिरपतं, ते थेंब वेगळे. बरं. वेगळे तर वेगळे. दिसायला सारखेच दिसतात.

सगळ्यात मला ते आवडलं, ढग खाली का पडत नाही ते. ढगातला थेंब एवढा बारीक की त्याला पडायला वजनच नाही, खालची हवा त्याला झेलत राहते. असे दहा लाख थेंब एकमेकांवर आदळून एक झाले तर कुठे पावसाचा एक थेंब खाली येतो. दहा लाख! आपल्या घरात आदळायला तीनच माणसं, त्यातलं एक बोलत नाही आणि एकीला ऐकू येत नाही. पाऊस कसा पडावा?

आणि त्या रात्रीचं तू लिहिलंस. ओल होती, कण होते, पण हवा वर चढायला हवी होती ती सकाळपर्यंत चढली नाही, म्हणून थेंब धरले नाहीत. ‘मी ढग बरोबर सांगितले, वेळ चुकली’ असं लिहिलंस. हे वाचताना तुझ्या आईचा आवाज बारीक झाला. ओट्यावरची वायरही जरा थांबली.

एक गंमत सांगते. या थंडीत तुझी आई रोज रात्री जेवताना म्हणते, ‘बातम्यांत सांगितलं, आज आभाळ मोकळं, धूर करायला हवा.’ नाहीतर म्हणते, ‘बातम्यांत सांगितलं, आज ढग आहेत, निवांत झोपा.’ आणि तुझा बाप तसंच करतो. अजून एकदाही चूक निघाली नाही. बाग अशी उभी आहे की दृष्ट काढावी. आता आपल्या टीव्हीचा डबा संक्रांतीपासून बंद आहे, हे तुझ्या बापालाही ठाऊक आहे, कारण दुरुस्तीला त्यानेच नेऊन टाकलाय. त्या बंद टीव्हीतून कोण बोलतं ते मी विचारत नाही. तो तर मुळीच विचारत नाही.

आखाजीचं तू लिहिलंस, ‘आबा म्हणाले ये, तर येईन.’ मी ते तसंच त्याच्या ताटात वाढलं. तो म्हणे, ‘तिले रस्ता मालूम शे.’ झालं. एक म्हणते बोलवा, एक म्हणतो रस्ता माहीत आहे. दोघं आपापल्या जागी तरंगतायत, त्या बारीक थेंबांसारखे. पडायला वजन नाही आणि आदळायला हिंमत नाही.

तुझी आजी


१२ मार्च

मयुरी,

अक्षर बदललेलं दिसेल. तुझ्या धुळ्याच्या आजीचा पाय मुरगळला म्हणून होळीच्या दुसऱ्या दिवशी तुझी आई तिकडे गेलीय. मग माझं पत्र लिहायला घरात एकच माणूस उरला. आढेवेढे घेतले, शेतात काम आहे म्हणाला, पेन नाही म्हणाला. पेन मी कनवटीला खोचून ठेवलं होतं.

लिहिणाऱ्याने अट घातलीय की त्याचं नाव पत्रात येता कामा नये. बरं, नाही येऊ देत. तो तुझा बाप आहे, एवढंच सांगते.

माझी पण अट आहे. मी बोलेन ते सगळं लिहायचं आणि शेवटी वाचून दाखवायचं. गाळलं तर मला कळतं. मला अक्षर येत नाही पण माझं बोलणं मला पाठ असतं. आत्ता वरचं वाचून घेतलं, त्यात कनवटीचं गाळलं होतं. पुन्हा घालायला लावलं.

तुला वाटत असेल, बाग गेली म्हणून तुझा बाप चिडला होता. बागेचं काय, बुंध्यातून नवे कोंब आले, पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहिली. त्याला लागलं ते मिशीला. दुकानावर छाती काढून गेला होता ना, तिथून मान खाली घालून यावं लागलं. स्वतःवरचा राग पोरीवर काढला. आता पेन थांबलंय. मला विचारतोय, ‘माय, हाई बी लिखू?’ लिख म्हटलं. ‘बठ्ठं लिख.’ सगळं.

लिहिलंस का? वाच.

वाचलं त्याने. हळू वाचलं, पण वाचलं.

आता एक प्रश्न. हा लिहिणाऱ्याचा आहे, पण तो विचारणार नाही, म्हणून मी विचारते. आपण पिढ्यान्‌पिढ्या बागेत धूर करतो. धग तर बांधाच्या पलीकडे जात नाही, हात शेकायला जावं तर डोळे चुरचुरतात. मग केळी वाचते कशाने? परवा न्याहारीला बसला असता आपल्या आपणच म्हणाला, ‘धूर नेमकं काय करत असेल?’ मी म्हटलं, मला काय विचारतोस, माझी शाळा दुसऱ्या इयत्तेपर्यंत आलीय, विचार मास्तरणीला. तर उठून गेला. भाकरी अर्धी टाकून. मी खाल्ली.

तर याचं उत्तर दे. नीट दे, बारीक अक्षरात, दोन्ही बाजूंनी कागद भरून. वाचणाऱ्याला वेळ आहे. भाजी तो करतो हल्ली, त्यामुळे जेवायला मला तेवढी घाई नसते.

तुझी आजी
(हा अंगठा मी उठवलाय. शाई नव्हती, तव्याची काजळी लावली. म्हणजे लिहिणाऱ्याने माझ्या नावावर काही भलतंच खपवलं नाही याचा पुरावा.)


३० मार्च

पोरी,

तुझं पत्र आलं. मी मुद्दाम त्यालाच फोडायला लावलं. पहिल्याच ओळीवर थांबला. ‘आजी, अक्षर ओळखलं’ असं तू लिहिलं होतंस. तिथून पुढे तो कागद घेऊन दारातल्या उजेडात गेला. अक्षर बारीक, म्हणाला.

मग धुराचं आलं. नुसत्या धुराने फारसं होत नाही असं तू स्पष्टच लिहिलंस, बापाला बरं वाटावं म्हणून गोड केलं नाहीस, ते मला आवडलं. पण बागेत पाणी भरलेलं असेल, हवेत ओल असेल, तर धुराच्या कणाकणाला धरून थेंब बसतात, आणि बागेवर पातळ ढगाचं पांघरूण येतं, जमिनीची ऊब ते वर जाऊ देत नाही. हे वाचलं आणि त्याने कागद खाली ठेवला. भिंतीकडे पाहत म्हणाला, ‘म्हणजे आम्ही ढगच करतो.’

मी म्हटलं, काय?

‘माय, आम्ही ढग करतस. ती तठे करस, आम्ही आठे.’ ती तिथे प्रयोगशाळेतल्या खोलीत करते, आम्ही इथे.

मग तो आजोबांचं सांगायला लागला, तुझ्या आजोबांचं, की धुराच्या आदल्या संध्याकाळी ते बागेला पाणी द्यायचेच, का ते कोणाला सांगायचे नाहीत, विचारलं तर म्हणायचे तहान लागली असेल केळीला. पुष्कळ बोलला. तुझ्या बापाला मी एवढं बोलताना ऐकलं ते त्याच्या लग्नात, जेव्हा त्याचा बूट हरवला होता.

संध्याकाळी दुकानावर जाऊन रुपचंदला सांगून आला. रुपचंद म्हणे, ‘मग ये वर्षी दोनदा ढग कर, एक मन्हा बागवर.’ एक त्याच्या बागेवर. त्यावर हसून आला. दोन वर्षांनी त्या दुकानावरून हसत आला, पोरी.

पण त्याने मला एकच बाजू वाचून दाखवली. मला अक्षर येत नाही, कागदाला बाजू किती असतात ते येतं. उलटून धरला, तर मागेही मुंग्या चालल्या होत्या. म्हटलं, हे काय? म्हणे, ते असंच आहे. म्हटलं, असंच वाच मग.

त्याने वाचलं. तुझ्या त्या यंत्रावर सगळ्या मुलखाचे ढग दिसतात, आणि दोन वर्षं तू रोज कामावर गेलीस की आधी बोरखेड्याचं आभाळ पाहतेस. तिथे तुला कोणी ते काम दिलेलं नाही. ‘आबांना सांगू नकोस’ असंही लिहिलं होतंस, ते पण त्यानेच वाचलं. मग चहा पितो म्हणाला. चष्म्यावर वाफ आली म्हणून काढून पुसत बसला. कप पालथा होता.

आता पेन खाली ठेवलं त्याने. उठला.

१ एप्रिल

परवा इथवर आलं आणि लेखक बागेत निघून गेला. काल दिवसभर बागेतच. आज मी दारात खाट टाकून बसले, जाईल कुठे?

त्याला म्हटलं, तुझं काय असेल ते तू आपल्या हाताने लिही दोन ओळी. म्हणे, ‘तुनं पत्र शे, तू बोल.’ बरं. मग मीच बोलते त्याच्या वतीने. मी एकेक गोष्ट सांगेन, तो लिहील, आणि खोटी असेल तर त्याने त्यावर रेघ मारावी. मला वाचता येत नाही, पण आडवी रेघ ओळखू येते.

लीलाधर झोपेत घोरतो.

यावर त्याने लगेच रेघ मारली. बघ, तुला दिसत असेल. खोटारडा. पण पद्धत चालते एवढं कळलं.

आता पुढचं. टीव्हीचा डबा दुरुस्त होऊन महिना झाला तरी त्याने तो आणलेला नाही, कारण बंद टीव्हीच्या बातम्या त्याला बऱ्या वाटतात.

पुस्तकं पेटवायचं जे बोलला ते त्याला त्याच दिवशी, तुझी एसटी फाट्यावरून वळायच्या आत, परत गिळावंसं वाटलं होतं. मोटारसायकल काढून फाट्यापर्यंत गेलाही होता. बस निघून गेली होती. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. फाट्यावरच्या चहावाल्याने मला सांगितलं.

त्याची पोर त्याच्यापेक्षा जास्त शिकलीय याचा त्याला अभिमान आहे, आणि ती चुकली याचा राग नाही. ती परत येऊन पुन्हा आभाळ सांगेल आणि तो पुन्हा दुकानावर जाऊन सांगेल.

तो तिची वाट बघतो.

थांबले. कागद दे म्हटलं. डोळ्याजवळ धरून वरपासून खालपर्यंत पाहिला. घोरण्यावरची सोडून एकही रेघ नाही.

आता अंगठा उठवते.

तुझी आजी


१६ एप्रिल

मयुरी माय,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. ‘रेघ नाही, पाहिलं. मूळ कोण येणार?’

वाचून दाखवलं आणि तुझा बाप माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच काही शिकवून ठेवलंय तुला. मी काय शिकवणार? आखाजीला लेक आपल्या पायाने येत नाही, माहेरचं माणूस मूळ म्हणून तिला आणायला जातं, हे खानदेशातल्या कुत्र्यामांजरालाही ठाऊक आहे. मीच तुझ्या बापाला सांगितलं, ‘रस्ता मालूम शे’ म्हणून लेक येत नसते. मला काय रस्ता ठाऊक नव्हता माहेरचा? दोन कोसांवर होतं. तरी माझे भाऊ बैलगाडी घेऊन यायचे, तेव्हाच मी उंबरा ओलांडायची.

तर तो म्हणे, तिचं तर लग्न झालं नाही, तिला कसलं मूळ? मी म्हटलं, झालं नाही कसं? आपण तिला ढगांच्या घरी दिलीय. कुठे त्या सातारच्या डोंगरात नांदते, घरात ढग येतात म्हणते, कपडे वाळत नाहीत म्हणते, सासर आणखी कसं असतं?

मग त्याने वाटा शोधल्या. सुकदेव गाडी घेऊन पुण्याला जाणार आहे, त्याच्याबरोबर निरोप देऊ म्हणाला. म्हटलं, सुकदेव तिचा कोण? मग म्हणाला, हेमलता धुळ्याहून परस्पर जाईल. म्हटलं, हेमलता उद्या सकाळी घरी येते, पुरण कोण शिजवणार? तसं तिचं धुळ्यातलं काम केव्हाच संपलंय. तिची आई काठी घेऊन चालायला लागली त्याला बरेच दिवस झाले. मीच निरोप धाडत होते, राहा अजून थोडी.

आता लिहिणाऱ्याने पेन थांबवलं. माझ्याकडे बघतोय.

‘माय,’ म्हणाला.

‘हाई बी लिख,’ म्हटलं.

तूच लिहिलं होतंस ना, थेंबाला धरायला काहीतरी कण लागतो म्हणून. माझ्यापाशी दुसरं काय होतं? मी आपली पत्रं मध्ये सोडली.

काल संध्याकाळी झोक्याचा दोर काढून लिंबाला बांधला त्याने. स्वतः बसून पाहिलं, तुटतो का म्हणून. मग माझ्याजवळ येऊन बसला आणि विचारलं, लहानपणी विचारायचा तशा आवाजात, ‘माय, ती नही म्हननी ते?’

मी म्हटलं, नाही म्हणाली तर तिचे ढग तरी बघून ये. पण तेव्हापासून तो ते ‘नाही’ पिशवीत भरून घेतोय, कपड्यांच्या आधी.

तर ऐक. रविवारी आखाजी. आज रात्रीच्या गाडीने तो निघतोय. घाटात त्याला मळमळतं, लिंबू दिलंय. पिशवीत केळी आहेत, यंदाच्या बागेची, तुझ्या बंद टीव्हीने वाचवलेली. त्यातली तुझ्याबरोबर काम करणाऱ्यांना दे, नाहीतर तो सगळी परत आणेल, लाजतो. तुमच्याकडे ती खोली आहे ना, जिथे तुम्ही ढग करता, ती त्याला दाखव. तिथे तो पुष्कळ प्रश्न विचारेल. उत्तरं सावकाश दे. त्याला कान आहेत, माझ्यासारखा नाही तो.

आणि आखाजीची घागर तू भरायची. तुझ्या आजोबांच्या नावाची, वर डांगर, म्हणजे आपलं खरबूज, ठेवून. घागरीच्या अंगावर थेंब येतील तेव्हा ते आतले का बाहेरचे, हे यंदा गल्लीतल्या सगळ्यांना तू सांगायचं. रुपचंदलाही. त्याने मुद्दाम सांगितलंय, मास्तरीण येणार असेल तर मला बोलवा, माझ्या बागेचं विचारायचंय.

झालं. लिहिणारा विचारतोय, पाकिटावर पत्ता घालू का?

कशाला घालतोस, म्हटलं. पाकीट तूच.

तो दारात येईल तेव्हा बोलणार काही नाही. हे पत्र पुढे करेल आणि तुझं वाचून होईपर्यंत भिंतीकडे बघत उभा राहील. इथवर वाचलं असशील तर आता पुरे कर. वर बघ. चष्म्यावर वाफ आलेली असेल. तो म्हणेल, डोंगराची हवा. तू ‘हो आबा’ म्हण, आणि पुसून दे.

तुझी आजी